न सुटलेले चाक

दसऱ्याच्या सकाळी नातवाने आपली मोटारसायकल धुऊनपुसून अंगणात उभी केली, तिला झेंडूची माळ घातली आणि पूजेसाठी मला हाक मारली. चोवीस वर्षे लष्करात ट्रक चालवलेला म्हातारा घरात असल्यामुळे वाहनाची पूजा त्यानेच करायची, असा आमच्याकडे शिरस्ता पडला आहे. हळदकुंकू वाहून झाल्यावर नातू शेजारच्या मुलांना अभिमानाने म्हणाला, "आमच्या आजोबांच्या गाडीला एवढ्या वर्षांत एकही अपघात झाला नाही!" मुले माझ्याकडे आदराने पाहू लागली. मी नुसता हसलो. नातवाच्या बोलण्यात खोटे काहीच नव्हते. पण ते ऐकले की मला दर वेळी चोरट्यासारखे होते.

१९७८ सालचा ऑक्टोबर महिना होता. श्रीनगरहून लेहला जाणारा सव्वाचारशे किलोमीटरांचा रस्ता त्या काळी वर्षातले बरेच महिने बर्फामुळे बंद असे. साडेअकरा हजार फुटांवरचा जोजिला घाट मिटण्याआधी पलीकडच्या फौजेचे हिवाळ्याचे धान्य, रॉकेल, गरम कपडे, सारे पोचवून टाकावे लागे. त्या शेवटच्या दिवसांत आमच्या जबलपूरच्या शक्तिमान ट्रकांना विसावा नसे आणि आम्हालाही नसे. पहाटेच्या अंधारात गाड्यांचा ताफा निघायचा. निघण्यापूर्वी प्रत्येक ड्रायव्हरने आपली गाडी तपासायची. लष्करात याला 'फर्स्ट परेड' म्हणतात. तेल, पाणी, टायरमधली हवा, ब्रेक, दिवे पाहायचे आणि पाना घेऊन प्रत्येक चाकाचा प्रत्येक नट आवळायचा. मग वहीत सही करायची.

काम साधे खरे. पण सोनमर्गच्या त्या थंडीत लोखंडी पाना हाती धरला, की बोटे कामातून जात. झोपही पुरी झालेली नसे. मग चाकाला बुटाची एक ठोकर द्यायची, वरवर नजर फिरवायची आणि सही करून मोकळे व्हायचे, अशी सवय आमच्यापैकी पुष्कळांना लागली होती. मलाही लागली होती.

माझ्या तुकडीत बीडकडचा एक मित्र होता. गळा गोड, रात्री शेकोटीपाशी अभंग म्हणायचा. एका पहाटे आम्ही दोघांनीही नट न पाहताच सह्या केल्या. त्याची गाडी पुढे, माझी मागे. घाटाच्या चढणीवर एका वळणाला त्याचे पुढचे चाक निखळले आणि माझ्या डोळ्यांदेखत ट्रक कडेवरून खाली गेला. तो वाचला. त्याच्या शेजारी बसलेला, रजा संपवून परतणारा जवान मात्र वाचला नाही.

त्या रात्री कारगिलच्या मुक्कामावर मी बॅटरी घेऊन माझी गाडी तपासली. मागच्या एका चाकाचे दोन नट नुसत्या बोटांनी फिरत होते! मी ते मुकाट्याने आवळले. कोणाला काही बोललो नाही.

पुढे चौकशी झाली. मला साक्षीला बोलावले. "निघण्यापूर्वी सगळे ड्रायव्हर रोज नट तपासतात का?" असा प्रश्न आला. मी म्हणालो, "होय साहेब." माझ्या त्या उत्तराने मित्र एकटा पडला. सगळे तपासतात, यानेच तपासले नाहीत, असा त्याचा अर्थ झाला. त्याला शिक्षा झाली, नोकरी गेली. मी हवालदार होऊन पेन्शनीत निघालो.

आम्हा दोघांच्या करणीत फरक कोणता? मला तरी सापडत नाही. फरक होता तो नटाच्या दोन-चार फेऱ्यांचा. कर्णाच्या रथाचे चाक भूमीने गिळले, त्याला निदान शापाचे कारण होते. आमच्या चाकांना शापही नव्हता आणि वरदानही नव्हते. माझी नात पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकते. तिने मला थॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाचा 'मॉरल लक' हा १९७६ सालचा निबंध समजावून सांगितला. त्यातही एक ट्रकचालक आहे. त्याने ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात एखादे मूल आडवे आले, तर तो जन्माचा अपराधी ठरतो. आले नाही, तर तीच हयगय करून तो निर्धास्त घरी जेवायला बसतो. ऐकून मी चपापलो. तो जेवायला बसलेला माणूस मीच की!

फळावर आपला अधिकार नाही, असे गीता सांगते. अपयश आले की आपण या वचनाने मनाची समजूत घालतो. पण सुखरूप घरी पोचणे हेही फळच नव्हे काय? त्यावर तरी माझा अधिकार कुठला? सेवापुस्तकातली ती स्वच्छ नोंद मी मिळवलेली नाही; मला ती सापडली आहे.

यावर कोणी म्हणेल, मग तुमच्या मित्राचाही दोष नाही. तसे मी म्हणणार नाही. त्या जवानाच्या आईला दैवाची गोष्ट कोणत्या तोंडाने सांगायची? दोष होताच, फक्त तो दोघांचा होता आणि भरपाई एकाने केली. आणखीही एक आहे. नट सैल होऊनही चाक टिकले, हे दैव. "होय साहेब" हे मात्र दैवाने म्हटले नव्हते. ते मी म्हटले होते, पूर्ण शुद्धीवर, माझे कातडे वाचवण्यासाठी.

दसऱ्याच्या संध्याकाळी हे सारे मी नातवाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "आजोबा, हे तुम्ही त्यांना कधी सांगितलंत?"

सांगितले नव्हते. मित्र हयात आहे, गावही मला ठाऊक आहे. इतक्या वर्षांत तिकडे जाण्याचे मी शंभर बहाण्यांनी टाळले. आता पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे जाणार आहोत. तो काय म्हणेल, ते माझ्या हाती नाही. नातू मोटारसायकल काढतो म्हणाला आहे. मी त्याला एवढेच सांगितले आहे, की निघण्यापूर्वी पाना माझ्या हाती द्यायचा.