लस आणि शेजारधर्म

आपल्या मुलाला लस टोचून घेताना आपण ती केवळ त्याच्यासाठीच घेतो काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु म्हैसूरच्या इतिहासातील एका चित्राकडे पाहिले म्हणजे त्याची खोली ध्यानात येते.

१८०५ च्या सुमारास टॉमस हिकी या चित्रकाराने म्हैसूरच्या राजघराण्यातील तीन स्त्रियांचे चित्र रंगविले. त्यांतील एक तरुणी साडी किंचित सारून आपला दंड दाखवीत आहे. इतिहासकार नायजेल चॅन्सलर यांच्या मते ती तिसऱ्या कृष्णराज वडियार यांची राणी देवजम्मणी असून, देवीची लस टोचली ती जागा ती दाखविते. हेतू हा की, प्रजेचे भय ओसरावे.

ही लस म्हैसूरपर्यंत आली कशी? त्या काळी ती बहुधा एका दंडावरून दुसऱ्या दंडावर नेली जाई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. तिच्या फोडातील लस इतर मुलांना व त्यांच्याकडून अन्य प्रांतांना मिळाली. राणीचे चित्र राहिले. मधल्या कित्येक मुलांची नावेही राहिली नाहीत. त्यांची संमतीही कोणी विचारली नसेल. मग हे ऋण कोणाला फेडावे?

डांग्या खोकल्याच्या बाबतीत हा प्रश्न आजही आपल्या दारी उभा आहे. या रोगाची लस आपल्याकडे बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात देतात. त्यापूर्वीच्या तान्ह्याला तिचे कवच नसते, आणि त्याच वयात हा रोग सर्वांत घातक ठरतो. कित्येकदा तान्हे खोकतही नाही. त्याचा श्वासच थांबतो. रोग बहुधा घरातील माणसांकडूनच येतो.

‘दुसऱ्यासाठी माझ्या मुलाने ताप का सोसावा?’ असे कोणी विचारील. लसीचा पहिला लाभ त्या मुलालाच होतो, हे खरे. पण तेवढेच नाही. १९७५ मध्ये लसीनंतर दोन बालके दगावल्यामुळे जपानने हे लसीकरण काही काळ थांबविले. ते पुन्हा सुरू झाले तरी लोकांचा विश्वास परतला नाही. १९७९ मध्ये तेथे सुमारे १३,००० रुग्ण झाले व ४१ जण मृत्यू पावले. नकारालाही किंमत असते. ती नकार देणाराच मोजतो असे नाही.

पुढे जपानमध्येच कमी त्रासाची लस तयार झाली. परंतु अमेरिकेत बबून माकडांवर झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, ही लस घेतलेला प्राणी आजारातून वाचला तरी जंतू पसरवू शकतो. म्हणजे भोवतालच्यांच्या लसीने तान्हे पूर्ण सुरक्षित होईलच असे नाही. ब्रिटनसारख्या देशाने २०१२ पासून गरोदर मातेला लस देण्यास आरंभ केला. तिच्या रक्तातील संरक्षक द्रव्ये वारेवाटे बाळाला मिळतात. येथेही दंड एकीचा, रक्षण दुसऱ्याचे.

तेव्हा घरात बाळ येणार असेल, तर मातेने या लसीविषयी डॉक्टरांना वेळीच विचारावे, थोरल्या भावंडांच्या राहिलेल्या मात्रा पूर्ण कराव्यात आणि खोकला असणाऱ्याने बाळापासून दूर राहावे. त्या अनाम मुलांना कोणी विचारले नाही. आपल्याला मात्र विचारले जात आहे. त्यांचे ऋण पाळण्यातील तान्ह्यालाच फेडता येईल.