दुसऱ्यासाठी निवडताना

निवड करता येणे ही माणसाच्या स्वातंत्र्याची खूण मानली जाते. परंतु आयुष्यात आपण केवळ स्वतःसाठी निवड करीत नाही. दुसऱ्यांसाठीही सतत करीत असतो. मुलांची शाळा, वृद्ध आईवडिलांचा डॉक्टर, घरात येणारे वर्तमानपत्र या साऱ्या निवडी कोणीतरी कोणासाठी तरी केलेल्या असतात. स्वतःची निवड चुकली तर तिचे फळ आपणच भोगतो. दुसऱ्यासाठी केलेली निवड चुकली तर निवडणारा एक आणि भोगणारा दुसरा, अशी स्थिती होते. म्हणून अशा निवडीचा नैतिक विचार वेगळा करावा लागतो. तो करण्यासाठी येथे मुद्दामच एक घरगुती आणि वरवर पाहता निव्वळ तांत्रिक प्रश्न घेतला आहे: जुन्या संगणकावर मुक्तस्रोत कार्यप्रणाली घालायची ठरली, तर तिच्या पडद्यावरील मांडणी कोणती निवडावी?

हा प्रश्न पेण आणि रोह्यासारख्या गावांत आज अनेक घरांच्या उंबरठ्याशी आलेला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला नित्याचे साहाय्य देणे थांबविले. पुढची विंडोज ११ ही प्रणाली घ्यावी, तर तिला सुरक्षेची विशिष्ट सोय आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. वर्षभराची वाढीव मुदत मिळण्याची व्यवस्था झाली; पण मुदत म्हणजे उत्तर नव्हे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एखाद्या पित्याने मुलीच्या शिक्षणासाठी हप्त्याने घेतलेला संगणक, पेणच्या एखाद्या मूर्तिशाळेत मागण्यांची नोंद ठेवणारे यंत्र, निवृत्त शिक्षकाच्या खोलीतील परदेशस्थ लेकीशी बोलण्याचे साधन, अशी धडधाकट यंत्रे एका तारखेमुळे कालबाह्य ठरली. नवे घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. चालती वस्तू टाकून देणे प्रत्येकाच्या मनाला पटतही नाही. मग कोणीतरी लिनक्सचे नाव सुचवितो.

लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस तोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रसिद्ध केला. मुक्तस्रोत म्हणजे ज्याची घडण सर्वांना उघडी आहे असे. ते कोणीही वाचावे, बदलावे आणि इतरांना द्यावे. या गाभ्यावर पडद्याची जी मांडणी बसते, तिला डेस्कटॉप म्हणतात. कोकणातल्या घराचे उदाहरण घेतले तर गोष्ट लवकर ध्यानात येईल. जोते आणि खांब तेच असले, तरी ओटी कोणत्या बाजूस, पडवी कोठे, माजघरात उजेड कोठून, हे ठरविणारा निराळा असतो. आणि घरात वावरणाऱ्याला जोते दिसत नाही, मांडणीच दिसते. लिनक्सवर अशा मांडण्या अनेक आहेत. ग्नोम ही मोजकी आणि मोकळी, पण सवयीच्या खुणा बाजूला सारणारी. केडीई ही हवी तशी बदलता येणारी आणि म्हणूनच पर्यायांनी गजबजलेली. एक्सएफसीई साधी, कमी स्मृतीच्या जुन्या यंत्रालाही झेपणारी. माते आणि सिनॅमन या परिचित वळणाच्या, खाली पट्टी आणि कोपऱ्यात यादी असलेल्या. या सर्व फुकट मिळतात. किमतीने निवड होत नाही, तेव्हा माणसाला कारणे शोधावी लागतात. आणि कारणे शोधू लागताच तो नीतीच्या प्रांतात शिरतो.

या मांडण्यांचा जन्मच एका नैतिक मतभेदातून झाला, हे फारसे कोणास ठाऊक नसते. १९९६ मध्ये जर्मनीतील माटिआस एट्रिख या विद्यार्थ्याने केडीईची हाक दिली. जाणकारांच्या हातची प्रणाली सामान्य माणसालाही वापरता यावी, हा त्याचा हेतू. परंतु त्यासाठी त्याने ज्या 'क्यूट' नावाच्या साधनसंचाचा आधार घेतला, तो तेव्हा पुरता मुक्त नव्हता. त्यात बदल करून तो वाटण्याची मुभा नव्हती. यावर आक्षेप घेऊन १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा आरंभ केला. एका पक्षाला वापरणाऱ्याची सोय प्रिय होती, दुसऱ्याला वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य. दोन्ही गोष्टी चांगल्याच. चांगले आणि वाईट यांतील निवड त्या मानाने सोपी असते. दोन चांगल्या गोष्टी समोरासमोर उभ्या राहिल्या म्हणजे विवेकाची खरी परीक्षा होते. या वादाचा शेवटही लक्षात ठेवण्याजोगा आहे. २००० मध्ये त्या साधनसंचाच्या मालक कंपनीने तो पूर्णतः मुक्त परवान्याखाली आणला. आक्षेपाचे कारण उरले नाही, तरी दोन्ही मांडण्या टिकल्या आणि आजही शेजारी शेजारी नांदत आहेत.

दुसरा प्रसंग २०११ चा. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली आणि तिने जुनी मांडणी जवळजवळ मोडून टाकली. खालची पट्टी गेली, यादी गेली, खिडकी खाली सारण्याचे बटणही गेले. कर्त्यांची दृष्टी प्रामाणिक होती. पण वर्षानुवर्षे ज्यांचा हात एका जागी वळत होता, त्यांचा हात रिकाम्या जागी पडू लागला. खुद्द तोरवाल्ड्स यांनी उघड नापसंती व्यक्त करून एक्सएफसीईचा आश्रय घेतला. पुढे ते ग्नोमकडे परतलेही. त्याच वर्षी अर्जेंटिनातील एका वापरकर्त्याने जुन्या ग्नोमची घडण हाती घेऊन तिला 'माते' या नावाने जिवंत ठेवले, आणि लिनक्स मिंटच्या मंडळींनी सिनॅमनची वाट धरली. जुन्याला कवटाळणे म्हणून कोणी याची हेटाळणी करील. मला मात्र यात स्वातंत्र्याचे एक दुर्लक्षित अंग दिसते. आपण स्वातंत्र्य म्हणजे पुढे जाण्याची मुभा समजतो. आहे तेथे राहण्याची मुभा हेही स्वातंत्र्यच आहे. २०१२ मध्ये विंडोज ८ मधून सुरुवातीचे बटण काढले गेले, तेव्हा जगभरच्या लोकांना कंपनीने ते पुढील वर्षी परत देईपर्यंत थांबावे लागले. घडण बंद होती, म्हणून मूळ प्रणालीच बदलणे त्यांच्या हाती नव्हते. घडण उघडी असेल, तर कोणीतरी उठून जुने घर सावरू शकतो. अर्थात सावरणारा कोणीतरी लागतो, आणि त्याला वर्षानुवर्षे कष्ट उपसावे लागतात. स्वातंत्र्य फुकट मिळाले, तरी ते राखणे फुकट नसते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या आळीत, आपल्या पॅरिशमध्ये संगणक कळणारा एखादा तरुण किंवा तरुणी असते. साऱ्यांची यंत्रे त्यांच्याकडे येतात. निवड प्रत्यक्षात तेच करतात, आणि ज्याच्यासाठी केली त्याला निवड झाली हेही कळत नाही. ज्ञानामुळे हाती आलेली ही छोटीशी सत्ता आहे. आणि कोणतीही सत्ता लहान आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. तिच्यात मोह असतात. पहिला मोह आपल्या आवडीचा: मला केडीई शोभून दिसते, म्हणून आजोबांच्या यंत्रावरही तेच. दुसरा नावीन्याचा: नवे ते चांगले, ज्याला जमत नाही त्याने शिकावे. तिसरा अधिक सूक्ष्म आहे. फुकट करून देतो आहे, मग विचारायचे कशाला, असे उपकारकर्त्याला नकळत वाटू लागते. गरजूला दिलेल्या वस्तूविषयी त्याचे मत न विचारणे हा दानातला जुनाच दोष आहे. संगणकाने तो केवळ नव्या रूपात आणला.

यावर उपाय फार अवघड नाही. ज्याचा हात त्या यंत्रावर बसणार आहे, त्याच्या शेजारी घटकाभर बसावे. रोह्यातील निवृत्त शिक्षकाला खालच्या पट्टीची सवय असेल, तर सिनॅमन किंवा माते द्यावी, अक्षरे मोठी करावीत आणि पडद्यावर त्यांना लागणारी चारच चिन्हे ठेवावीत. दोन जीबी स्मृतीच्या यंत्रावर ग्नोमचा दिमाख लादू नये. तेथे एक्सएफसीई बरी. विद्यार्थिनीसाठी तर आपण निवडूच नये. बहुतेक लिनक्स प्रणाली प्रत्यक्ष बसविण्यापूर्वी पेनड्राईव्हवरून चालवून पाहता येतात. तिला दोनतीन मांडण्या दाखवाव्यात आणि तिचे तिला ठरवू द्यावे. एकाच यंत्रावर दोन मांडण्या ठेवून प्रवेशाच्या वेळी हवी ती घेण्याचीही सोय असते. जी निवड मागे घेता येते, ती दुसऱ्यासाठी करताना कमी जड असते. म्हणून परतीची वाट मोकळी ठेवणे हे निवडणाऱ्याचे पहिले कर्तव्य समजावे.

प्रामाणिकपणे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कधीकधी लिनक्स न घालणे हाच खरा सल्ला असतो. मूर्तिशाळेचा किंवा दुकानाचा हिशेब विंडोजवरच चालणाऱ्या टॅलीमध्ये असेल, तर तत्त्वाच्या उत्साहात त्याचा धंदा अडवणे अन्यायाचे होईल. आपल्या मराठी नियतकालिकांचा आणि स्मरणिकांचा कितीतरी मजकूर श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये बंदिस्त आहे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला तर मराठीच्या जागी निरर्थक चिन्हे उमटतात. असा ठेवा असलेल्याने आधी तो युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा, मगच घर बदलावे. पालकांची शंकाही रास्त आहे: नोकरीसाठी एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र मागतात, त्याची शिकवणी विंडोजवर होते, मग मुलाला वेगळ्या वाटेने नेऊन त्याचे नुकसान तर होणार नाही? याला केरळच्या शाळांचा अनुभव हे एक उत्तर आहे. तेथील सरकारी शाळांनी गेल्या दोन दशकांत संगणकशिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले, आणि २०१९ मध्ये उबुंटूवर आधारित नवी प्रणाली दोन लाखांवर संगणकांसाठी सिद्ध झाली. दोन मांडण्यांवर हात बसलेले मूल तिसरीलाही बुजत नाही. परंतु ते उत्तर राज्याच्या पाठबळाचे होते. एकट्या घराने तो धोका पत्करताना मुलाच्या परीक्षेची तारीख पाहावी.

भाषेचाही विचार निवडीत आला पाहिजे. ग्नोम आणि केडीई मराठीत वापरता येतात. 'जतन करा', 'बंद करा' हे शब्द पडद्यावर आपोआप उगवलेले नाहीत. कोणीतरी रात्री बसून ते एकेक करून भाषांतरित केले. जेथे तसा माणूस उरत नाही, तेथे नव्या आवृत्तीत मराठी वाक्यांच्या मधून इंग्रजी डोकावू लागते. म्हणून निवडताना पडदा मराठीत लावून पाहावा आणि इंग्रजी न येणाऱ्या आईला तो वाचायला सांगावा. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जेथे सागराला मिळते, तेथे कोर्लई गाव आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौल सोडून गेले, तरी तेथील कॅथलिक कुटुंबांनी पोर्तुगीजमधून घडलेली आपली बोली आजतागायत घरात राखली. ती बोली ग्नोमच्या किंवा केडीईच्या भाषांच्या यादीत नाही. मात्र उद्या कोर्लईच्या एखाद्या मुलीला ती तेथे आणावीशी वाटली, तर कोणत्याही कंपनीचा नफातोटा तिच्या आड येणार नाही; तिला कष्ट तेवढे घ्यावे लागतील. थोड्या लोकांची भाषा बाजारात मोजली जात नाही. जेथे ती मोजली जाण्याची शक्यता तरी आहे, तेथे लहान समाजांनी आपले लक्ष ठेवायला हवे.

या साऱ्याचा मथितार्थ असा. सर्वोत्तम डेस्कटॉप कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी, हे विचारल्याखेरीज त्याला उत्तर नाही. निवडणाऱ्याची हुशारी, मांडणीचे सौंदर्य, तिच्यामागचे तत्त्व या सर्वांचे मोल आहे. पण ज्याला त्या पडद्यासमोर एकट्याने बसायचे आहे, त्याच्या सुलभतेहून आणि मानाहून ते मोठे नाही. आणि निवड करून आपण मोकळे होत नाही. लिनक्समध्ये तक्रार ऐकायला कंपनीचे कार्यालय नसते. ज्याने ते घालून दिले, तोच त्या घराचे कार्यालय. पेणच्या तरुणाने रोह्याच्या मावशींचे यंत्र सुरू करून दिले असेल, तर महिन्याभराने एकदा गाडी धरून जावे, मावशींना काय जमले आणि काय अडले ते विचारावे, आणि गरज वाटली तर आपली निवड बदलावी. दुसऱ्यासाठी निवड करण्याचा अधिकार ज्ञानाने मिळत असेल. तो टिकतो मात्र अशा येण्याजाण्यानेच.