वाचलेला वेळ कुणाचा?

श्रावण लागला की त्र्यंबकेश्वरातल्या लॉजवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला तर एवढी माणसं येतात की गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. माझी चुलत वहिनी अशाच एका लॉजच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. दोन वर्षांपूर्वी ऐन श्रावणात तिचा फोन आला. "भावजी, तुम्ही इंजिनिअर ना? मग हे काम लवकर उरकायचं काहीतरी सांगा की."

काम साधंच होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली बुकिंगं एक्सेलमध्ये चिकटवलेली. नाव, गाव, मोबाइल, माणसं किती, सगळं एकाच सेलमध्ये. वहिनी आणि तिच्या शेजारी बसणारी एक मुलगी, दोघी मिळून त्याचे तुकडे करून वेगवेगळ्या कॉलममध्ये टाकत बसायच्या. अर्धा दिवस त्यातच जायचा.

मी म्हटलं, शेजारच्या कॉलममध्ये पहिल्या ओळीतलं गाव टाइप करा, एंटर मारा, खालच्या सेलमध्ये कंट्रोल आणि ई दाबा. फ्लॅश फिल म्हणतात त्याला. एक्सेल २०१३ पासून आहे. तुम्ही काय केलंत ते बघून बाकीचा कॉलम ते स्वतः भरतं. फक्त दोन गोष्टी सांभाळा. तो शेवटी अंदाज असतो, त्यामुळे काही ओळी नजरेखालून घाला. आणि मूळ यादी नंतर बदलली तर भरलेलं आपोआप बदलत नाही, फॉर्म्युल्यासारखं. मग विंडोज आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दिसते तेही दाखवलं, आणि एफ४ दाबलं की शेवटची कृती पुन्हा होते तेही. वहिनी इतकी खूश झाली की मला चार दिवस भारी वाटत होतं.

पुढच्या महिन्यात कळलं, शेजारच्या मुलीला कामावरून कमी केलं. वहिनीनेच शेठना कौतुकाने दाखवलं होतं काम किती पटकन होतं ते. पगार होता तेवढाच राहिला. त्या मुलीकडचं पावत्यांचं काम मात्र वहिनीकडे आलं.

आता माझं सांगतो. त्याच काळात मी कंपनीत एक स्क्रिप्ट लिहिली होती. दर शुक्रवारचा रिपोर्ट बनवायला मला तीन तास लागायचे, ते दहा मिनिटांवर आलं. मी कुणालाही सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी मी घरून काम करतो, म्हणजे वेबसिरीज बघतो. याला मी कधी चोरी म्हटलं नाही. डोकं माझं, स्क्रिप्ट माझी, रिपोर्ट वेळेवर जातोय, मग वेळही माझाच.

म्हणजे वाचलेला वेळ मी खिशात घातला आणि वहिनीने तो प्रामाणिकपणे मालकाच्या हातात ठेवला. शिक्षा मात्र तिला झाली, आणि तिच्याहून जास्त त्या मुलीला. कुणी म्हणेल, तंत्रज्ञानाने हे होणारच होतं, आज ना उद्या. असेलही. पण 'होणारच होतं' हे वाक्य नेहमी ज्याची नोकरी शाबूत आहे तोच उच्चारतो, हे मी स्वतःवरून सांगू शकतो.

अर्थतज्ज्ञ केन्सने १९३० साली लिहिलं होतं की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. २०३० आता आलंच. शॉर्टकट त्याच्या कल्पनेपेक्षा जास्त निघाले, पण वाचलेले तास कुणाच्या नावावर चढवायचे याचा हिशेब कुठल्याच शीटमध्ये नाही. आपण वेळ 'वाचवला' म्हणतो, पैसा वाचवावा तसा. पैसा वाचला की निदान पासबुकात दिसतो.

आमच्या गावात यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या ठेवणारे तीर्थोपाध्याय आहेत. गाव आणि आडनाव सांगितलं की पणजोबा कधी आले होते ते पान निघतं. लहानपणी मला जादू वाटायची. आता वाटतं, त्या घरांना वहीइतकंच मोल पान शोधण्याच्या हातोटीचं माहीत होतं. मी माझी हातोटी फोनवर फुकट वाटली आणि तिचं पुढे काय होईल हे विचारलंही नाही.

गेल्या दिवाळीत वहिनीने पुन्हा विचारलं. सिंहस्थ जवळ आलाय, पावत्या वाढल्यात, दोन तास जातात. मेल मर्जने ते अर्ध्या तासात होईल हे मला माहीत होतं. या वेळी मी आधी विचारलं, "शेठना सांगणार आहात का?"

"म्हणजे लपवू? भावजी, चोरी शिकवताय होय मला?"

मी गप्प. माझ्या शुक्रवारांबद्दल तिला काय सांगणार?

आठवड्याने तिचा फोन आला. तिने मेल मर्ज शिकायच्या आधीच शेठना गाठलं होतं. म्हणाली, नवी पद्धत आहे, शिकले तर रोजचा दीड तास वाचेल. पण मग मला साडेचारला सोडायचं, पोराची शाळा सुटते तेव्हा. आणि त्या मुलीला सिंहस्थापुरतं तरी परत बोलवायचं. दोन्ही कबूल असेल तर शिकते.

मला हे सुचलं नव्हतं. एवढी डिग्री घेऊन मला फक्त लपवणं माहीत होतं.

शेठ 'बघू' म्हणाले. अजून बघताहेत. वहिनी अजून दोन तास पावत्या हाताने भरतेय.