चूक म्हणजे पाप नव्हे
मुलांना कोडिंग शिकवावे ते पुढच्या नोकरीसाठी, असे सर्रास म्हटले जाते. माझ्या मते त्याचा खरा लाभ तत्त्वज्ञानाच्या प्रांतातला आहे: आपली समजूत चुकीची असू शकते आणि ती तपासता येते, हे मूल त्यातून शिकते. १९६७ मध्ये सीमोर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रामिंगची भाषा घडवली. तिच्यातल्या, आज्ञेप्रमाणे सरकत रेषा काढणाऱ्या कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घेताना मूल सहज ६० अंश वळायला सांगते. तीन बाजू होतात, पण आकृती मिटत नाही. अर्धा षटकोन उमटतो. मग ते स्वतः जमिनीवर चालून पाहते आणि वळण १२० अंशांचे हवे, हे त्याला उमगते. यात ना लाल शेरा, ना अपमान.

कोडिंगने इतर विषयांतली विचारशक्ती आपोआप वाढत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरून एवढेच ठरते की चुकीवर विचार करायला लावणारा शिक्षक हवाच. आता यंत्रच कोड लिहिते, असेही म्हणतात. मग यंत्राचे उत्तर पारखण्याची सवय तर अधिकच हवी. म्हणून पालकांनो, प्रोग्राम चालला का एवढेच विचारू नका. तो कुठे आणि का अडला, हे मुलाकडून ऐका.