शुक्रवार ते सोमवार

सिनेमा सुटल्यावर लोक जे बोलतात, त्याला कुणी समीक्षा म्हणत नाही. जिना उतरताना, पार्किंगमधून गाडी काढताना, रिक्षाची वाट बघताना दोन-चार वाक्यांत निकाल लागतो. ‘बरा आहे.’ ‘एकदा बघायला हरकत नाही.’ ‘फर्स्ट हाफ मस्त, नंतर ताणलाय.’ ‘आईला घेऊन जा, तिला आवडेल.’ ‘थिएटरला कशाला, मोबाइलवर येईलच की!’ दुसऱ्या दिवशी लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या चहाला, सोसायटीच्या ग्रुपवर हेच निकाल फिरतात आणि कुणाचा सिनेमा पुढच्या आठवड्यात टिकणार, हे ठरवून टाकतात. वर्तमानपत्रातलं परीक्षण वाचणारे थोडे. मावसबहिणीला फोन करून विचारणारे बहुसंख्य. मराठी सिनेमाला तर या सहज बोलण्यावाचून दुसरा आधारच नाही. त्याच्याकडे देशभर चालणारं नाव नसतं, जाहिरातीला पैसा नसतो. म्हणूनच सिनेमा बघून आलेला माणूस नेमकं काय बोलतो आणि कधी बोलतो, याचा गांभीर्याने विचार व्हायला हवा.

हे बोलणं किती बलवान असतं, याचे पुरावे आपल्याच थिएटरांमध्ये आहेत. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. एक तमाशापट एकाच थिएटरात अडीच वर्षं चालतो, तेव्हा पोस्टर पाहून येणारे पहिल्या काही आठवड्यांतच संपलेले असतात. त्यापुढचा प्रत्येक प्रेक्षक एक तर कुणीतरी सांगितलं म्हणून आलेला असतो, नाही तर सोबत कुणाला तरी घेऊन दुसऱ्यांदा आलेला असतो. या चित्रपटातल्या हंसा वाडकर यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रालाही हेच नाव दिलं.

‘शोले’ची गोष्ट जास्त बोलकी आहे. १५ ऑगस्ट १९७५ ला तो मुंबईत लागला आणि पहिल्या दिवसांत व्यवसायातल्या जाणकारांनी त्याला पडेल ठरवून टाकलं. निर्माता-दिग्दर्शक इतके हादरले, की जयला मरू न देता शेवट बदलावा का, याचीही चर्चा झाली. थिएटरात मात्र वेगळंच चाललं होतं. मुंबईतल्या एका थिएटरमालकाच्या लक्षात आलं, की मध्यंतरात आइस्क्रीम आणि थंड पेयांचा खप घटला आहे. लोक खुर्चीतून उठतच नव्हते! सुन्न होऊन बसलेला प्रेक्षक बाहेर येऊन लगेच काही बोलत नाही, त्याला बोलायला दोन-चार दिवस लागतात. ते दिवस ‘शोले’ला मिळाले. मग गब्बरचे संवाद लोकांच्या तोंडी बसले, ते इतके की गाण्यांच्या तबकडीनंतर संवादांची तबकडी काढावी लागली. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात हा चित्रपट पाच वर्षं चालला. त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’ आला. त्यात मोठे तारे नव्हते, फारसा खर्च केलेला नव्हता. पण बायकांनी बायकांना सांगितलं, आणि थिएटराच्या दाराशी चपला काढून, पडद्याला ओवाळून तो पाहिला गेला. संतोषी मातेचं शुक्रवारचं व्रत जिथे कुणाला माहीत नव्हतं, अशा घरांतही त्यानंतर गूळ-चण्याचा प्रसाद वाटला जाऊ लागला.

असं बोलणं कोण करतं, याचा शोध समाजशास्त्रज्ञांनीही घेतला आहे. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांचं ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’ हे पुस्तक १९५५ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या डिकेटर या गावातल्या सुमारे ८०० स्त्रियांशी बोलून ते लिहिलेलं होतं. किराणा, कपडे, राजकारण आणि सिनेमा या चारही बाबतींत त्या कुणाचं ऐकतात, हे त्यात पाहिलं होतं. किराण्याच्या बाबतीत संसारात मुरलेल्या बायकांचा सल्ला चाले, सिनेमाच्या बाबतीत मात्र तरुण, अविवाहित मुलींचा. घरातली कॉलेजात जाणारी मुलगी आजही सगळ्यांचं तिकीट काढते आणि ‘हा नको, तो बघू’ म्हणते. तिचा हा अधिकार निदान सत्तर वर्षांचा आहे.

दुसरा अभ्यास अर्थशास्त्रज्ञ एन्रिको मोरेट्टी यांचा, २०११ मधला. अमेरिकी चित्रपटांच्या तिकीटविक्रीचे आकडे तपासताना त्यांनी एक साधी युक्ती वापरली. चित्रपटाला किती पडदे मिळाले, यावरून थिएटरवाल्यांची अपेक्षा कळते. पहिल्या शनिवार-रविवारी प्रत्यक्षात किती लोक आले, ते त्या अपेक्षेशी ताडून बघायचं. अपेक्षेपेक्षा जास्त लोक आले, तर पुढच्या आठवड्यांत तो चित्रपट सावकाश उतरतो, कमी आले तर धाडकन कोसळतो. हा फरक जाहिरातीने पडत नाही, लोकांच्या एकमेकांना सांगण्याने पडतो. त्यातला एक निष्कर्ष मराठी निर्मात्यांनी लिहून ठेवावा असा आहे. आधीच्या गाजलेल्या चित्रपटाच्या पुढच्या भागावर या बोलण्याचा परिणाम कमी होतो, कारण तो कसा असेल याचा अंदाज लोकांना आधीच असतो. ज्याच्याबद्दल कुणालाच काही ठाऊक नसतं, त्याच्या बाबतीत शेजाऱ्याचं एक वाक्य सगळ्यात जास्त काम करतं.

आता त्या वाक्याकडे जरा जवळून बघू. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला लागला तेव्हा बाहेर येणारे असंख्य लोक एकच तक्रार करत होते, मध्यंतरानंतर तो लांबलाय, हैदराबादचं फार ताणलंय. जाणकारांनी यावर नाकं मुरडली. पण ही तक्रार किती अचूक होती! करमाळ्याची विहीर, उसाचे फड, झिंगाटवर नाचणारं थिएटर हे सगळं मध्यंतरापर्यंत येऊन जातं. जवळपास सगळी गाणी तिथेच संपतात. नंतर झोपडपट्टीतली खोली येते, डोशाची गाडी येते, बाटल्यांच्या कारखान्यातली नोकरी येते, भांडणं येतात. नागराज मंजुळे यांनी प्रेक्षकाला आधी हिंदी सिनेमाचा वेग दिला आणि मग तो काढून घेतला. पळून गेलेल्या दोन पोरांचे दिवस जसे सरकेनासे होतात, तसा सिनेमाही सरकेनासा होतो. म्हणूनच शेवटी आवाज पूर्ण बंद झाल्यावर आणि त्या दोघांचं मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर आल्यावर, तासाभरापूर्वी शिट्ट्या मारणारं थिएटर गप्प बसतं. ‘ताणलाय’ म्हणणाऱ्याने सिनेमाचा सांधा अगदी बरोबर ओळखला होता. चुकला तो त्याला दोष ठरवण्यात.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चंही तसंच झालं. या चित्रपटाला २०१४ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी भारताने तो ऑस्करसाठी पाठवला. बघणाऱ्यांपैकी अनेकांचं म्हणणं असं, की कॅमेरा हलतच नाही, आणि संपला असं वाटतं तरी संपत नाही. दोन्ही खरं आहे. न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळोखाने भरतो. कुठलाही दुसरा दिग्दर्शक तिथे थांबला असता. ताम्हाणे मात्र न्यायाधीशांच्या मागे त्यांच्या सहलीला जातात. तिथे ते बाकावर डुलकी काढतात, मुलं त्यांना दचकवून उठवतात आणि हाती लागलेल्या एकाला ते थोबाडीत मारतात. नारायण कांबळे या लोकशाहिराच्या खटल्याची सुनावणी करणारा माणूस कोर्टाबाहेर कसा आहे, हे त्या ‘न संपण्यात’ आहे. ज्याला तो शेवट खटकला, त्याला चित्रपटातली सर्वांत महत्त्वाची जागा सापडली होती. कुणी तरी त्याला ‘का खटकला रे?’ एवढंच विचारायला हवं होतं.

सामान्य प्रेक्षकाचं निरीक्षण बहुतेक वेळा बरोबर असतं, गडबड होते ती निदानात. घरी आणि कट्ट्यावर आपण निदानावर वाद घालत बसतो, निरीक्षण मात्र ऐकूनच घेत नाही.

आणि काही बोलणं असं असतं, की त्याला कुठल्याही समीक्षेची गरज नसते. ३० जून २०२३ ला केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, प्रत्येकीचं दुखणं वेगळं. बायका एकमेकींना ‘चांगला आहे’ असं सांगत नव्हत्या, ‘चला’ म्हणत होत्या. भिशीचे गट, योगाच्या वर्गातल्या मैत्रिणी, सासू आणि जावा असे जथे नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरात आले. सुट्टीच्या दिवशीही घर सोडायला कारण शोधावं लागणाऱ्या बायकांना एक कारण मिळालं होतं. चित्रपटात त्रुटी होत्या, पटकथा काही ठिकाणी सैल होती, आणि ते त्या बायकांनाही दिसत होतं. त्यांच्या शिफारशीत रोहिणी हट्टंगडी किंवा वंदना गुप्ते यांच्या अभिनयाइतकंच एकत्र जाण्याचं सुख होतं. सिनेमाबद्दलच्या मतात कुणाबरोबर पाहिला हे मिसळलेलं असतं, आणि ते तसंच असायला हवं.

गेल्या काही वर्षांत मात्र या बोलण्याची चाल बदलली. आता निकाल मध्यंतरातच लागतो. अर्धा चित्रपट बघून स्टेटस टाकला जातो, पॉपकॉर्नच्या रांगेत तारे दिले जातात, तिकीट काढायच्या ॲपवर दहापैकी किती हे ठरतं. चार जणांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं, की तिकिटं आणि खाणं मिळून महिन्याच्या खर्चात खड्डा पडतो. त्यामुळे पैसे वसूल होतील का, हे आधी विचारणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण दहापैकी सात या आकड्यातून काय कळतं? ‘कोर्ट’मधली गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील कोर्टातून लोकलने घरी जाते आणि स्वयंपाकाला लागते, हे त्या सातात कुठे आहे?

दक्षिणेत या घाईवर वेगळे उपाय सुचवले गेले. केरळ उच्च न्यायालयापुढे परीक्षणांच्या भडिमाराचं प्रकरण गेलं, तेव्हा न्यायालयाच्या सल्लागाराने चित्रपट लागल्यावर ४८ तास परीक्षणं थांबवावीत अशी सूचना केली. २०२४ च्या नोव्हेंबरात तामिळ निर्मात्यांच्या संघटनेने थिएटराच्या आवारात प्रेक्षकांची मतं टिपणाऱ्या यूट्यूबवाल्यांना मज्जाव करा, अशी मागणी केली. पैसे घेऊन चित्रपट पाडणारे किंवा चढवणारे असतील, तर त्यांना जरूर धरावं. पण तिकीट काढून आलेल्या माणसाला बोलू नकोस म्हणणं चूक आहे, आणि ते जमणारंही नाही. मराठीचं दुखणं तर नेमकं उलटं आहे. इथे लोक फार बोलतात म्हणून चित्रपट मरत नाहीत, बोलायला सुरुवात होण्याआधीच मरतात.

हिशेब सरळ आहे. शुक्रवारी चित्रपट लागतो. त्याला सकाळी अकराचा आणि रात्री पावणेअकराचा खेळ मिळतो. नोकरदार माणूस शनिवारी किंवा रविवारी बघतो आणि सोमवारी कार्यालयात सांगतो. ऐकणारा पुढच्या रविवारी जायचं ठरवतो, तोवर खेळ उतरलेले असतात. मराठी चित्रपटांना प्राइम टाइममध्ये खेळ द्यावेत, असं राज्य सरकारने २०१५ मध्ये ठरवलं, त्यावर बरंच वादंग झालं. वेळ मिळाली, तरी किती दिवस मिळेल हा प्रश्न तसाच राहिला. ‘सांगत्ये ऐका’ला अडीच वर्षं मिळाली आणि ‘शोले’ला पाच. आजच्या मराठी चित्रपटाच्या वाट्याला अनेकदा तीन दिवस येतात.

२०२५ च्या सप्टेंबरात एकाच आठवड्याच्या अंतराने दोन चित्रपट आले. सुबोध खानोलकर यांचा ‘दशावतार’ १२ तारखेला लागला. त्यात दिलीप प्रभावळकर आहेत, कोकण आहे, दशावतारी नट आहे. एका वाक्यात सांगता येतं आणि लोकांनी ते भरभरून सांगितलं, गर्दीही झाली. पाठोपाठ रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ आला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा तरुण, त्याचा बालपणीचा मित्र, त्या दोघांतलं प्रेम आणि ते जाणणारी आई. सनडान्स महोत्सवात जागतिक चित्रपट विभागाचं सर्वोच्च परीक्षक पारितोषिक मिळवलेला हा मराठी चित्रपट. तो कसा आहे, हे ‘बरा’ किंवा ‘संथ’ या शब्दांत मावत नाही. सुतकात पायात चप्पल घालायची नाही, अमुक खायचं नाही, या नियमांच्या आडून दोन माणसं एकमेकांजवळ कशी सरकतात हे सांगावं लागतं. सांगणारा नसेल तर असा चित्रपट गावातून निघून जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

उशिरा का होईना, लोकांचं बोलणं चित्रपट परतही आणू शकतं. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला तेव्हा त्याची कमाई बेताचीच होती. कोकणातला पाऊस, वाडा, हस्तर आणि विनायकरावाची हाव यांबद्दल लोक सहा वर्षं एकमेकांना सांगत राहिले. १३ सप्टेंबर २०२४ ला तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. मात्र सहा वर्षं थांबण्याची ताकद प्रत्येक निर्मात्यात नसते. बहुतेकांचं घर पहिल्याच चित्रपटाला तारण पडलेलं असतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. एखादा मराठी चित्रपट बघायचं मनात असेल, तर तो शुक्रवारी किंवा शनिवारीच बघा आणि रविवारच्या आत कुणाला तरी सांगा. आवडला नसेल तरी सांगा. फक्त तारे देऊन थांबू नका. कुठला प्रसंग लक्षात राहिला, कुठे कंटाळा आला, शेजारी बसलेले कुठे गप्प झाले, एवढं एक वाक्य त्यात घाला. ऐकणारा त्यावरून स्वतःचं स्वतः ठरवेल.