चिंचोक्याएवढी

विठुमाऊली, दाढ किडली तर तू रात्रभर झोपू देत नाहीस. मग आत्याच्या छातीतल्या गाठीला थोडं तरी दुखणं का दिलं नाहीस? मोरीत आंघोळ करताना ती पहिल्यांदा तिच्या हाताला लागली, तेव्हा चिंचोक्याएवढी होती. दुखत नाही, मग डॉक्टर कशाला, म्हणून आत्याने दीड वर्ष अंगावर काढलं. ब्लाउजच्या आत कापसाची घडी दिसली तेव्हा आम्हाला कळलं. रोज तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचो आम्ही, पण छातीचं काही तिने सांगावं, असं आमच्या घराचं वळणच नव्हतं. ती चूक आमची, तिची नाही. पदरात घे.

स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. ते घरोघरी वेळेवर कळू दे. कातडीला खळगा पडला, ती संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, काखेत गाठ लागली, तर बाईला त्याच दिवशी बोलायचं बळ दे. बहुतेक गाठी साध्याच निघतात, हा धीरही दे.

1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने शिकवून तयार केलेल्या साध्या बायकांनी दर दोन वर्षांनी बायकांच्या छाती हाताने तपासल्या. पस्तिशी ते चौसष्टीच्या दीड लाख बायका त्या अभ्यासात होत्या. निम्म्यांची अशी तपासणी झाली, निम्म्यांची नाही. वीस वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा तपासलेल्यांपैकी पन्नाशी गाठलेल्या बायकांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी निघाले. पन्नाशीच्या आतल्यांना तसा गुण आला नाही, तेही तुला ठाऊक आहे. तरी नुसत्या शिकलेल्या बोटांना तू एवढं यश दिलंस, माऊली. तशी बोटं गावोगावच्या आरोग्य केंद्रात बसव, आणि आमच्या बायकांना तिथवर ने.

परवा मटार सोलता सोलता वहिनी हळूच म्हणाली, ‘वन्सं, हाताला काहीतरी लागतंय.’ बेचाळीस वर्षांची आहे ती. शेंगा तशाच राहिल्या. उद्या सकाळी दहाला मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी आहे, दादा आणि मी दोघंही बरोबर जातोय. गाठ साधी असू दे, विठ्ठला. आणि साधी नसलीच, तर चिंचोक्याएवढीच असू दे.