हॅव, हॅज, हॅड

शाळेत मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. निदान पगार तरी बत्तीस वर्षं घेतला. मुलं किती शिकली हा प्रश्न मी कधी उकरून काढला नाही आणि मुलांनीही मोठ्या मनाने काढला नाही. पण इतकी वर्षं फळ्यासमोर उभा राहून माझी जी फजिती झाली नव्हती ती परवा आमच्या नातवाने केली.

नातू अमेरिकेत असतो. वय वर्षे नऊ. रविवारी सकाळी तो फोनच्या पडद्यावर येतो, त्याची आई मागे उभी राहून 'मराठीत बोल, मराठीत' असं खुणावत असते, आणि तो बिचारा काढा प्यायल्यासारखं तोंड करून मराठी बोलतो. परवा त्याने विचारलं, ''आजोबा, 'हॅव'ला मराठीत काय म्हणतात?''

मी म्हटलं, ''त्यात काय, सोपं आहे,'' आणि गप्प बसलो.

बऱ्याच वेळाने म्हणालो, ''माझ्याकडे आहे, असं म्हणतात.''

''माझ्याकडे बहीण आहे?''

''अंहं. मला बहीण आहे.''

''मला सायकल आहे?''

''नाही रे. माझ्याकडे सायकल आहे.''

''माझ्याकडे ताप आहे?''

''मला ताप आलाय.''

''माझ्याकडे घर आहे?''

''आमचं घर आहे, असं म्हणायचं.''

पोराने मागे वळून आईला इंग्रजीत सांगितलं की आजोबा दर वेळेला उत्तर बदलतात. त्या रविवारची मराठी तिथेच आटोपली.

खरी गोष्ट अशी की मराठीत हे क्रियापदच नाही. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या हे कधी ध्यानात येऊ नये याची मला लाज वाटली, पण चालताना आपण आधी उजवा पाय टाकतो की डावा हेही कुठे ध्यानात असतं? इंग्रज माणूस सकाळी उठल्यापासून 'हॅव' करीत असतो. तो चहा 'हॅव' करतो, आंघोळ 'हॅव' करतो, पेपरवर एक नजर 'हॅव' करतो, बायकोशी दोन शब्द 'हॅव' करतो, आणि त्या दोन शब्दांचे चार झाले की डोकेदुखीही 'हॅव' करतो. त्याला मूल झालं तरी 'हॅव', आणि मुलाने पुढे त्याला गंडवलं तरी तो 'हॅड'च झाला. अगदीच सगळ्याचा वीट आला तर 'आय हॅव हॅड इट' म्हणून एका वाक्यात दोनदा 'हॅव' करून मोकळा. आपण मात्र चहा पितो, आंघोळ करतो, नजर टाकतो, मूल आपल्याला होतं आणि डोकं आपोआप दुखतं. आणि जिथे काही करायची सक्ती असते तिथेही इंग्रजाचं 'हॅव टू'. आपल्याला जावं लागतं. चटका लागतो, नोकरी लागते, भूक लागते, तसंच हे जाणंही आपल्याला लागतं.

मुलांच्या वह्यांत 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य मला दर वर्षी भेटायचं. मी त्याखाली लाल रेघ ओढायचो आणि वर्गाला सांगायचो, ''बाबांनो, भाऊ ही काही चालू असलेली क्रिया नाही. भाऊ असतो तो कायमचा असतो. तिथे 'हॅविंग' चालत नाही.'' मुलं खाली मान घालून ऐकून घ्यायची. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी वाटण्या चालू असणार. भाऊ ही चालू असलेली क्रिया आहे, ती बंदही पडते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असावं.

नातवाने लावलेला चटका काही जाईना, म्हणून मी कपाटातले जाडजूड कोश काढले. त्यात एक मौज सापडली. इंग्रजी 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे' या दोघांचं तोंड एक आणि अर्थही एक. कुणालाही सख्खे भाऊ वाटावेत. पण त्यांचं काही नातं नाही. 'हॅव'चा खरा लॅटिन भाऊबंद 'कापेरे', म्हणजे पकडणे. त्याच घराण्यातून 'कॅप्चर' आला आणि 'कॅप्टिव्ह'ही आला. म्हणजे 'आय हॅव अ हाउस' म्हणणारा माणूस मुळात 'मी घर धरून ठेवलंय' असं म्हणत असतो. कुणी कुणाला धरलंय याबद्दल मात्र कोश गप्प आहेत. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्याने ते आपलं आपण ठरवावं.

'हॅव' नसलेले आपण एकटेच नाही. संस्कृतात 'मम अस्ति'. रशियन माणूस 'माझ्यापाशी आहे' याच चालीवर बोलतो, अरबही तसाच. कन्नडात थेट 'मला आहे'. एरिक फ्रॉम या विचारवंताने १९७६ साली 'टू हॅव ऑर टू बी' नावाचं पुस्तक लिहिलं, त्यात त्याने या गोष्टीवर बोट ठेवलं आहे. पुष्कळ भाषांत 'मला आहे' ही रचना आधीची आणि 'मी बाळगतो' ही मागाहूनची, आणि हा बदल खाजगी मालमत्तेबरोबर आला असावा, असा त्याचा रोख. वाचून मला क्षणभर फार बरं वाटलं. आपली भाषा कशी निर्मोही! आपण वस्तू धरत नाही. ती नुसती आपल्याकडे असते, पाहुण्यासारखी. इंग्रजांच्या 'हॅव्ज' आणि 'हॅव नॉट्स'चंसुद्धा आपण 'आहे रे' आणि 'नाही रे' केलं. त्यात धरणं नाही, पकडणं नाही, वर तो 'रे' किती जिव्हाळ्याचा!

मग मला आमच्या तालुक्याचं दिवाणी न्यायालय आठवलं. 'हॅव' नसलेल्या या निर्मोही भाषेत तिथे बांधासाठी, विहिरीच्या पाण्यासाठी आणि एका फणसासाठी तीन तीन पिढ्या दावे चालतात. बिचाऱ्या फ्रॉमने कोकण पाहिलं नव्हतं. क्रियापद नसलं म्हणून आमचं काही अडलं नाही. आम्ही अरबीतून 'मालक' आणला आणि काम भागवलं.

तरी एका ठिकाणी मात्र मराठीने माझी चांगलीच जिरवली.

कोकणात आमचं घर आहे. हे वाक्य मी पुण्यात चाळीस वर्षं म्हणत आलो. भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो तेव्हा तर दिवसातून दोनदा म्हणत असे. 'आमचं आपलं कोकणात घर आहे. पाठीमागे आगर, पुढे खळं, वीसेक कलमं.' ऐकणारा जरा सावरून बसायचा. घरात राहायचा माझा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर आईही तिथेच राहिली. शेवटची अकरा वर्षं, त्यातली चार अंथरुणावर.

गेल्या पावसाळ्यानंतर धाकट्याचा फोन आला. घराचे वासे गेलेत, सगळं छप्पर उतरवायला हवं, कर्ज काढायचं तर कागदांवर दोघांची नावं आहेत. तेव्हा दादा, तू हक्कसोडपत्र करून देशील का? एवढंच बोलला, आणि मग उगाच पावसाबद्दल बोलत राहिला.

मी सातबारा काढून बघितला. मालकाची मालकी तरी त्यावर ठसठशीत असेल असा माझा समज. पण तिथे 'मालक' हा शब्दच नाही. रकान्यात लिहिलंय 'भोगवटादार'. महाराष्ट्राच्या १९६६ च्या जमीन महसूल कायद्याप्रमाणे माणूस जमिनीचा भोगवटादार असतो, त्यातही वर्ग एक आणि वर्ग दोन. भोगवटादार! म्हणजे जो भोगतो तो. आणि 'भोग' हा आपल्याकडे सुखाचाही असतो आणि 'भोग हो, दुसरं काय' असाही असतो. मे महिन्यात चार दिवस जाऊन आंबे खायचे हा एक भोग झाला. आषाढात गळक्या छपराखाली पातेली मांडत हिंडायचं आणि आईची कूस बदलायला रात्रीत तीनदा उठायचं, हा दुसरा. आमच्या सातबाऱ्यावर दोघांची नावं एकाखाली एक, सारख्याच अक्षरांत होती. तलाठ्याला यातलं काय कळणार? त्याच्याकडे रकाना एकच होता.

त्या दिवसांत मला नातवाचा तास पुन्हा आठवला. 'मला बहीण आहे, माझ्याकडे सायकल आहे.' माणूस असेल तर 'मला', वस्तू असेल तर 'माझ्याकडे', असा नियम मी त्याला मनातल्या मनात घालून दिला होता. पण तो नियम एका ठिकाणी मोडतो, आणि मराठी घराघरांत रोज मोडतो. दोन भावांच्या कुठल्याही घरी जा. पहिला प्रश्न काय? ''आई हल्ली कुणाकडे असते?''

इंग्रजीत 'आय हॅव अ मदर' म्हटलं की झालं. मराठीत 'मला आई आहे' आणि 'आई माझ्याकडे आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. अकरा वर्षं मला आई होती, आणि ती धाकट्याकडे होती. मी दरमहा पैसे पाठवत होतो, हे खरं. ते मी चारचौघांत सांगतही होतो, हेही खरं.

आता वाटेल, एवढं उमगल्यावर माणसाने झटकन सही करावी. मी पाच महिने केली नाही. सौ. म्हणाली, ''तिथे तुम्हाला चार रात्री धड झोप लागत नाही, बेडूक ओरडतात म्हणता. काय करायचंय घर?'' मला घर नकोच होतं. मला ते वाक्य सोडवत नव्हतं. 'कोकणात आमचं घर होतं,' या 'होतं'ची मला धास्ती वाटत होती.

शिवाय दुसरीही बाजू होती. मी त्या घरात जन्मलो हा काही बनाव नाही. माजघरातली कुठली फरशी हलते हे मला अंधारातसुद्धा सांगता येतं. हाही एक प्रकारचा भोगवटाच, की नाही? आणि त्याने आईचं केलं म्हणून घर त्याचं, असं म्हणावं, तर ते आईच्या सेवेचे पैसे चुकते केल्यासारखं होतं. असं मी त्याच्या तोंडावर म्हटलं असतं तर त्याने मला पुन्हा उंबरठा चढू दिला नसता. बरं, मी उदारपणे देतो म्हणावं, तर जे मी कधी सांभाळलंच नाही ते देण्यात औदार्य कसलं? कुठल्याही बाजूने गणित मांडलं तरी बाकी उरायची. शेवटी मी मांडणं सोडून दिलं आणि मे महिन्यात एस.टी.त बसलो.

निबंधकाच्या कचेरीत गर्दी होती. कारकुनाने विचारलं, ''मोबदला काही?'' मी म्हटलं, ''नाही.'' ''राजीखुशीने?'' म्हटलं, ''हो.'' ''आजोबा, अंगठा नीट दाबा.'' बत्तीस वर्षं खडू धरून अंगठा गुळगुळीत झालेला, यंत्राला काही केल्या उमटेना. दोनदा पुसला, तिसऱ्यांदा धाकट्याने स्वतःच्या हाताने तो धरून दाबला, तेव्हा एकदाचा उमटला. मग माझा फोटो निघाला. त्यात मी गुन्हेगारासारखा दिसतो.

बाहेर चहाची टपरी होती. आम्ही बाकड्यावर बसलो. दोघांनाही काय बोलावं ते सुचत नव्हतं. छपराला मंगलोरी कौलं घालायची की पत्रा, यावर थोडं बोलणं झालं. पत्र्याखाली उकडतं, असं मी म्हणालो आणि लगेच जीभ चावली. आता त्यात बोलणारा मी कोण? पण धाकटा म्हणाला, ''मग कौलंच घालू.'' जरा वेळाने त्याने विचारलं, ''दादा, काय घेणार?''

जन्माची खोड, मनात भाषांतर झालंच. व्हॉट विल यू हॅव?

''चहा,'' मी म्हटलं. ''एक सांग, दोघांत घेऊ.''

''दोघांत कशाला? दोन घेऊ की,'' तो म्हणाला, आणि दोन सांगितले.

पैसे त्यानेच दिले. माझ्याकडे सुटे नव्हते.